चादर जड लागतेय

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, पेशाने डॉक्टर आणि त्याहून अधिक काळ बाळंतपणातील रक्तस्रावावर संशोधन करणारी, आज पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्या धाकाने नव्हे की गोड बोलण्याने नव्हे, तर केवळ स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवीत आहे. हात डावा आहे. अक्षर डावीकडे कललेलं दिसेल ते वयामुळे नव्हे, पहिलीपासून तसंच आहे.

वकिलांनी एक मसुदा करून दिला होता. तो छान होता, पण त्यात मी कुठेच नव्हते. म्हणून मी त्यांची वाक्यं घेऊन त्यात माझी घुसवली आहेत. जिथे वाक्य ताठ उभं दिसेल ते वकिलांचं, जिथे ऐसपैस मांडी घालून बसलेलं दिसेल ते माझं. प्रत्येकाचं पूर्ण नाव त्यांनी मागच्या यादीत लावलं आहे. मी ज्याला जशी हाक मारते तसंच लिहिणार.

हे सगळं लिहायला घ्यायचं खरं कारण एकच आहे. माझी थोरली बहीण, माझी ताई, बाळंतपणात गेली. तिची मुलगी मी वाढवली. ताई कशी गेली, हे त्या मुलीला मी अर्धंच सांगितलं. उरलेलं अर्धं सांगायचा मला बावन्न वर्षांत धीर झाला नाही. ते सहाव्या कलमात लिहिणार आहे. माझ्या पश्चात वकिलांनी ते तिला एकटीला बसवून वाचून दाखवावं, आणि तिने मला मेल्यावर शिव्या घातल्या तर मध्ये बोलू नये.

कलम पहिले. यापूर्वी केलेली सर्व मृत्युपत्रे या लेखाने रद्द समजावीत. ती दोन आहेत. पहिलं एकतिसाव्या वर्षी रागाच्या भरात केलं होतं आणि त्यात आमच्या मोठ्या सरांना लाँड्रीतला वजनकाटा ठेवला होता, जो तेव्हा माझा नव्हताच, डोक्यात घालून घ्यायला. दुसरं शहाण्यासारखं होतं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. माझा देह वैद्यकीय कॉलेजला द्यावा. उजव्या गुडघ्याबद्दल तीन तज्ज्ञांची तीन मतं आहेत, त्याचा निकाल मुलांनी तेव्हा लावून घ्यावा.

कलम दुसरे. माझ्या मालकीचे व कब्जेवहिवाटीतील राहते घर, म्हणजे प्रसूतिगृहाच्या मागच्या फाटकासमोर दुसऱ्या मजल्यावरील तीन खोल्या, स्वयंपाकघर व गॅलरी, हे मी परिचारिकांच्या शाळेस देत आहे. बाहेरगावाहून शिकायला येणाऱ्या मुलींनी तिथे राहावं. दारावर पाटी लावावी ती ‘थोरल्या सिस्टरांचं घर’ अशी; त्या कोण ते पाचव्या कलमात येईल. वकील म्हणाले, बाई, तुमचं नाव? म्हटलं, माझं नाव इतकी वर्षं विजेच्या बिलावर होतं, तेवढं पुरे.

गॅलरीतून प्रसूतिगृहाची लाँड्री दिसते. दोऱ्यांवर पांढऱ्या चादरी वाळत असतात. पाहुणे म्हणतात, काय हे दृश्य, एखादं झाड तरी हवं होतं. मी हे घर त्या चादरींसाठीच घेतलं. तिथे कुणी पडदा लावू नये.

कलम तिसरे. बँकेतील ठेवी, दोन सोन्याच्या बांगड्या, पुस्तके, शिवणयंत्र व घरातील सर्व भांडीकुंडी माझ्या भाचीस द्यावीत. त्यावर अन्य कोणाचा हक्क पोचत नाही. ताई गेल्यावर वर्षभरात भावजींनी दुसरा संसार मांडला, आणि पाळण्यातली पोर माझ्याकडे राहिली ती राहिलीच. मला स्वयंपाक येत नव्हता, तिला गणित येत नव्हतं. मी रोज तिच्या वह्या तपासायचे, ती रोज माझी आमटी तपासायची. डॉक्टर होईल म्हणून मी डोळे लावून बसले होते. ही बाई बोटाला सुई टोचली तरी भोवळ येऊन पडते. शेवटी तिने छापखाना काढला, आणि तो असा चालवला की आज शहरातला निम्मा कागद तिच्या हाताखालून जातो.

एक तक्रार नोंदवून ठेवते. लग्नाच्या सुमारास दोन वर्षं ती माझ्याशी धड बोलत नव्हती. फोन केला तर हो, नाही, बघू. मी सगळा दोष तिच्या सासूबाईंच्या माथी मारला आणि त्या माउलीशी उगाच फटकून वागले. पुढे आपोआप निवळलं. काय बिनसलं होतं ते मला कधी कळलं नाही.

कलम चौथे. ॲल्युमिनियमची घडीची शिडी. ही माझी असून गेली अकरा वर्षे खालच्या मजल्यावरील घड्याळजींकडे ‘दोन दिवसांसाठी’ आहे. मी ती त्यांनाच ठेवणार होते. पण वकील म्हणाले, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. मी जिना उतरून घड्याळजींना विचारलं, शिडी हवी की सही करायचा मान? संध्याकाळच्या आत शिडी माझ्या दारात होती, पुसून. सबब, शिडीही भाचीस.

कलम पाचवे. वजनकाटा एक, लोखंडी, पांढरा रंग जागोजाग उडालेला, वर पत्र्याचे चौकोनी ताट, निवृत्तीच्या वेळी प्रसूतिगृहाने मला दिलेला. त्यासोबत हस्तलिखित वह्या एकोणीस. यांची तजवीज लावण्याआधी हे काय आहे ते सांगणं भाग आहे, नाहीतर आवरताना कुणीतरी भंगारात घालेल.

बाळंतपणात रक्त जातंच. थोडं गेलं तर बाई दुसऱ्या दिवशी उठून बसते, फार गेलं तर तासा-दोन तासांत संपते. मधली रेघ बारीक आहे, आणि ती ओलांडली जाताना बाई बहुतेक वेळा शांतपणे छताकडे बघत पडलेली असते. आमच्या वेळी केसपेपरवर छापलेलं असायचं: ‘रक्तस्राव: कमी, नेहमीएवढा, जास्त.’ तिन्हीपुढे एकेक चौकट. डॉक्टरने चादरीवर नजर टाकायची आणि एका चौकटीत टिक करायची. मी नंतर जुने कागद उपसले. शंभरातल्या नव्वद बायकांपुढे ‘नेहमीएवढा’ होतं. मेलेल्यांपुढेही.

हे मोजायचं कसं, ते मला सुचलेलं नाही. ते थोरल्या सिस्टरांना सुचलं. त्या प्रसूतीच्या खोलीतल्या मुरलेल्या परिचारिका, पण तेव्हा लाँड्रीत होत्या. तिथे यंत्रात एका वेळी ठरावीक वजनाचेच कपडे घालतात, म्हणून गठ्ठे जोखायला हा काटा होता. सिस्टरांनी प्रसूतीच्या खोलीतून येणारी प्रत्येक चादर वेगळी जोखली, कोरड्या चादरीचं वजन त्यातून वजा केलं आणि वहीत लिहिलं. कुणी सांगितलेलं नव्हतं. मी लाँड्रीत पहिल्यांदा पाय ठेवला तेव्हा अकरा महिन्यांच्या नोंदी तयार होत्या. एका चादरीत दोनशे ग्रॅम, एकीत साडेतेराशे, आणि वर केसपेपरवर दोघींपुढे तोच शब्द.

मी ती वही घेऊन हवेत तरंगत मोठ्या सरांच्या बैठकीत गेले. मोठे सर म्हणजे प्रसूतिगृहाचे प्रमुख. हात सोन्याचे आणि जीभ कातरीसारखी. त्यांनी दोन पानं उलटली आणि विचारलं, “बाई, यात रक्त किती आणि पाणमोटीचं पाणी किती?” बाळाभोवतीचं पाणी त्याच चादरीत सांडतं, हे मी साफ विसरले होते. सगळे हसले. “हे प्रसूतिगृह आहे, किराणा दुकान नाही,” सर म्हणाले. “तागडी घरी ठेवून येत जा.” त्या दिवसापासून मी शिपायापासून सगळ्यांची तागडीवाली बाई झाले. सरांचं चुकलेलं नव्हतं, याचाच जास्त राग आला.

तोंड पाडून मी लाँड्रीत गेले. सिस्टर उशांचे अभ्रे मोजत होत्या. मोजणं पूर्ण करून म्हणाल्या, “मग बाळ बाहेर आलं की लगेच चादर बदलायची. पाणी जुन्या चादरीत, रक्त नव्या चादरीत. त्यात काय एवढं?”

त्यात काय एवढं. माझ्या साऱ्या संशोधनाचा पाया हा एवढाच आहे. मला पुढे तीन पदव्या मिळाल्या, परदेशातून दोन पदकं आली, आणि प्रत्येक भाषणात मी हेच वाक्य वेगवेगळ्या भारदस्त शब्दांत म्हटलं.

चार वर्षांनी मी सरांना आणि हाताखालच्या तेरा डॉक्टरांना सभागृहात बोलावलं. सहा टेबलांवर सहा चादरी अंथरल्या. रक्तपेढीतून मुदत संपलेलं रक्त आणून प्रत्येकीवर मोजून ओतलं होतं. प्रत्येकाने बघून आकडा लिहायचा. चौथ्या टेबलावर बाराशे होते. सरांनी लिहिलं, चारशे. पुढे सवयीने शब्दही लिहिला, नेहमीएवढा. बाकीच्या तेरा जणांनी सरांच्या कागदात डोकावून साडेतीनशे ते पाचशेच्या मध्ये काहीबाही लिहिलं.

मग मी थोरल्या सिस्टरांना वर बोलावून घेतलं. त्या लाँड्रीच्या एप्रनवरच आल्या. मी म्हटलं, डोळे मिटा आणि उचला. त्यांनी पहिली उचलली, “तीनशे असेल.” दुसरी, “दोनशे.” तिसरी, “साडेपाचशे. हिच्यावर लक्ष ठेवा.” चौथी दोन्ही हातांत घेतली आणि डोळे उघडले. “डॉक्टर, ही बाई वाचायची नाही. हजाराच्या वर आहे. साडेअकराशे.”

सरांनी विचारलं, “तुम्हाला कसं कळतं?”

“धुवायची तर उचलावी लागते ना, सर,” सिस्टर म्हणाल्या. “तुम्ही कधी उचललेली नाही.”

सरांनी कोट काढला, बाह्या सारल्या आणि ती चादर उचलली. खाली ठेवली. परत उचलली. हात धुऊन आले आणि मला एवढंच म्हणाले, “उद्यापासून काटा वॉर्डात.” म्हणून, सरांच्या नावाच्या सभागृहात माझा फोटो लावायचा झाला तर समोरासमोर लावावा. आम्हाला एकमेकांकडे बघायची सवय आहे.

त्याआधीच्या तीन वर्षांत आमच्याकडे रक्तस्रावाने सव्वीस बायका गेल्या होत्या. पुढच्या तीन वर्षांत एकही नाही. मी हा आकडा तीनदा तपासला, सिस्टरांनी चौथ्यांदा. मग आम्ही दोघी लाँड्रीच्या पायरीवर बसून एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो, आणि धोबी आम्हाला कुणी वारलं का म्हणून विचारायला आला. “आज कुणी नाही,” सिस्टर म्हणाल्या.

सगळ्या सरकारी दवाखान्यांचा कागद बदलायला मात्र आणखी अठरा वर्षं लागली. नवा फॉर्म माझ्या भाचीने छापला. त्यावर तीन शब्द नाहीत. ‘रक्तस्राव’ आणि पुढे आकड्यासाठी मोकळी रेघ. खाली ठळक ओळ: ‘पाचशेला घंटा. डॉक्टरची वाट पाहू नये.’ ज्या शब्दाने बायका मारल्या, तो शब्द मी छापील कागदावरून हद्दपार केला. दुसरं काही लिहून ठेवलं नसतं तरी एवढं कुठेतरी लिहून ठेवलंच असतं.

काटा काचेच्या कपाटात ठेवू नये. तो अजून बरोबर दाखवतो. तो व वह्या दुसऱ्या कलमातील घरातच राहाव्यात. दर वर्षी नव्या मुलींनी ओली चादर आधी हाताने उचलून आकडा सांगावा, मगच काट्यावर ठेवावी.

सभागृहातल्या त्या दिवशी एक गोष्ट कुणी विचारली नाही. इतकी जाणती सिस्टर लाँड्रीत काय करत होती? मीही तोंड उघडलं नाही.

कलम सहावे. ताई आली तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि त्या दिवशी दुपारची पाळी माझी होती. तिला माझ्याच हाताखाली बाळंत व्हायचं होतं. म्हणाली, “तू आहेस तर मला कसली भीती?” साडेबाराला मुलगी झाली. ताईने तिला बघितलं आणि म्हणाली, “नाक तुझंच घेतलंय मेलीने.” मी आनंदाने नुसती वेडी झाले होते.

सिस्टर चादर सारखी करत होत्या. त्यांनी कोपरा हातात धरला आणि थांबल्या. “डॉक्टर, चादर जड लागतेय हो.”

मी वळून बघितलं. मला काही वेगळं दिसलं नाही. मला ताईचं हसणं दिसत होतं. मी म्हटलं, “सिस्टर, नेहमीएवढंच आहे.” आणि केसपेपर ओढून मधल्या चौकटीत टिक केली. सिस्टरांनी दुसऱ्यांदा म्हटलं. मी दुसऱ्यांदा ऐकलं नाही. पावणेतीनला ताई गेली.

चौकशी बसली. त्या कागदावर टिकेखाली सही करायची पद्धत नव्हती. टिक कुणाची, असं सरांनी विचारलं. मी गप्प बसले. माझ्या बहिणीच्या दुःखाने मी गप्प आहे असं सगळ्यांना वाटलं आणि मी ते वाटू दिलं. सिस्टर माझ्याकडे बघत होत्या. त्यांनीही माझं नाव घेतलं नाही. त्यांच्या सेवापुस्तकात ‘निष्काळजीपणा’ असा शेरा पडला आणि त्यांची बदली लाँड्रीत झाली. अकरा महिन्यांनी मी माफी मागायला गेले तेव्हा त्यांनी माफीबद्दल चकार शब्द काढू दिला नाही. वही हातात ठेवली. “आधी हे बघा,” म्हणाल्या. चादरींच्या प्रयोगानंतर त्यांना वॉर्डात परत घेतलं, पण शेरा तसाच राहिला. मी मोठी होत गेले तसं खरं सांगणं आणखी अवघड होत गेलं. माझ्या लेखांवरही त्यांचं नाव लागलं नाही. संपादक म्हणाले, परिचारिकेचं नाव लेखक म्हणून घालत नाहीत, आणि मी भांडले नाही. सहा वर्षांपूर्वी त्या वारल्या, शेऱ्यासकट.

पोरी, तुझ्या आईच्या कागदावरची ती टिक माझी आहे. सोबत मी प्रतिज्ञापत्र जोडत आहे, ते प्रसूतिगृहाला द्यावं आणि शेरा खोडून घ्यावा. तुला जर माझं घर, माझ्या बांगड्या

इथे खंड पडला आहे. वरचं वाक्य गुरुवारी सकाळी लिहीत होते. भाचीचा फोन आला, की नातीला, म्हणजे तिच्या लेकीला, कळा सुरू झाल्या आणि ते समोरच्या प्रसूतिगृहात पोचले आहेत. मी पेन तसंच टाकलं आणि चपला उलट्यासुलट्या घालून जिना उतरले. पुढचं आज मंगळवारी लिहीत आहे. वाक्य अर्धं राहिलं ते मुद्दाम पुरं करत नाही.

कलम सातवे. हे कलम मालमत्तेचे नाही. वकील म्हणाले, मग ते मृत्युपत्रात कशाला? मी म्हटलं, आता खरं सांगायची सवय लागली आहे, लागू दे.

मला आत घेतलं नाही. रक्ताच्या नात्यातल्या डॉक्टरला प्रसूतीच्या खोलीत घेऊ नये, हा नियम मीच लिहिलेला आहे. नातजावई औषधं आणायला धावला होता. भाची आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो. तिच्या अंगठ्याला छपाईची शाई होती, तशीच यंत्र सोडून आली होती. भर दुपार होती. दाराची वरची काच दुधी आहे, त्यातून सावल्या दिसतात आणि आवाज स्पष्ट येतो.

बाळ रडलं. आत कुणीतरी म्हणालं, “मुलगी.” लगेच दुसरा आवाज आला, “चादर बदला.” मी इतकी वर्षं हे दोन शब्द शिकवले, पण बाकावर बसून ऐकले नव्हते.

थोड्या वेळाने एका तरुण मुलीचा आवाज आला, “दोनशे ऐंशी.” ती दुसऱ्या वर्षाला आहे, लांब वेणीची, मी तिला मागच्या महिन्यात शिकवायला गेले होते. मग “चारशे तीस.” भाचीने माझा हात धरला. आतले आवाज साधेच होते, कुणीतरी बाळाचं वजनही सांगितलं. मला कळत होतं की नात आत छताकडे बघत शांत पडली असेल आणि कुणालाही सगळं ठीक वाटत असेल.

“सहाशे दहा.” आणि घंटा वाजली. ती वेणीवालीने वाजवली, कुणाला न विचारता. पाय धावले. एकजण पोट चोळा म्हणाली, एकजण इंजेक्शन म्हणाली, सलाईनची बाटली घेऊन एकजण आमच्या अंगावरूनच आत गेली.

माझी ताई, माझी भाची, आता नात. मला वाटलं, हिला आत्ता सांगितलं नाही तर मी माणूस म्हणून कशाला जगले? वेळ वाईट होती, पण चांगली वेळ मी बावन्न वर्षं शोधत होते आणि ती आली नव्हती.

“पोरी,” मी म्हटलं, “तुझ्या आईच्या कागदावर टिक मी केली होती. सिस्टरांनी सांगितलं होतं मला, चादर जड आहे म्हणून. मी ऐकलं नाही.”

ती दाराकडेच बघत होती. “माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“उलटी टिक, मावशी. डाव्या हाताची. माझ्या गणिताच्या वहीत दहा वर्षं तीच बघितली मी. नवा फॉर्म जुळवताना तू नमुन्यासाठी जुन्या केसपेपरांचा गठ्ठा दिला होतास. मी माझ्या जन्मदिवसाचा कागद काढून बघितला. कुणीही बघेल.”

ती म्हणाली, “दोन वर्षं तुझं तोंड बघवत नव्हतं मला. तुला वाटलं सासूबाईंनी कान भरले. त्या बिचाऱ्या रोज म्हणायच्या, मावशींना फोन कर.”

“मग राग गेला कसा?”

“गेला कुठे? कमी झाला. सगळ्या सरकारी दवाखान्यांचा दर वर्षीचा अहवाल मीच छापायचे ना. किती बायका आल्या, किती गेल्या. तो आकडा दर वर्षी खाली यायचा आणि मी स्वतः त्याचे छपाईचे खिळे बसवायचे. एके वर्षी वाटलं, हे आईलाच दाखवतेय ही बाई. मग आले तुझ्याकडे आमटी खायला.” तिने नाक पुसलं आणि अंगठ्याची शाई गालाला लागली. “आणि नव्या फॉर्मवर टिकेची चौकट का नाही माहीत आहे? तू किती भांडलीस, एक तरी चौकट ठेव म्हणून. मी म्हटलं जागा नाही. जागा भरपूर होती. पुन्हा कुणाला टिक करता येऊ नये म्हणून नाही ठेवली.”

मी तिथे बाकावर ढसाढसा रडले. तिने मला जवळ घेतलं, पण डोळे दारावरच. मग आतून तोच आवाज आला, “सातशे वीस.” नंतर बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, “सातशे वीसच.” मग डॉक्टर म्हणाली, “थांबलं.”

दहा मिनिटांनी वेणीवालीने दार उघडलं. चेहरा पांढरा पडला होता, पण हात स्थिर होते. “आजी, त्या चहा मागतायत.” मी तिला विचारलं, चारशे तीसला चादर हाताला कशी लागली होती? ती म्हणाली, “जड लागत होती, आजी. म्हणून पुढची लवकर घेतली.”

कलम आठवे. सहावे कलम वाचून दाखवण्याची गरज आता उरलेली नाही, तरी ते खोडू नये. खरं आहे म्हणून राहू द्यावं. प्रतिज्ञापत्रही माझ्या मरणाची वाट बघणार नाही. काल, सोमवारी, मी आणि भाची ते घेऊन प्रसूतिगृहाच्या कार्यालयात गेलो. कारकून म्हणाला, “आजी, त्या बाई वारल्या. आता याचा काय उपयोग?” भाचीने पिशवीतून लाल पेन काढून त्याच्यापुढे ठेवलं. दोन तास लागले, तीन सह्या लागल्या, अधीक्षक खुर्चीतून उठून खाली आले. थोरल्या सिस्टरांच्या सेवापुस्तकातला ‘निष्काळजीपणा’ हा शब्द लाल रेघेने खोडला गेला. शेजारी मी डाव्या हाताने लिहिलं: ‘सिस्टरांनी दोनदा सांगितले होते. टिक माझी.’ आणि खाली, जी सही त्या वेळी करायला हवी होती, ती केली. एकोणीस वह्यांचं पुस्तक भाची काढणार आहे, त्यावर त्यांचं नाव आधी आणि माझं नंतर असं छापणार आहे. संपादकांना आता आम्ही विचारणार नाही.

कलम नववे. नातीच्या मुलीस, जिचे वजन जन्मतः तीन हजार शंभर ग्रॅम भरले, मी माझे पेन देत आहे. ती कोणत्या हाताने लिहील ते अजून कळलेलं नाही. डावखुरी निघाली तर कुणीही तिचा हात बदलू नये. ही अट मोडणाऱ्याचा वरील सर्व कलमांतला हक्क जाईल, शिडीसकट.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी समजूनउमजून, खुशीत, अगदी फार खुशीत, लिहून पुरे केले. त्यावर पुढील दोघांनी माझ्यादेखत व एकमेकांदेखत सह्या केल्या.

स्थळ: माझी गॅलरी, समोर एकोणचाळीस चादरी वाळत असताना.
दिनांक: बारा मार्च, मंगळवार, दुपारचे चार.

सही, मृत्युपत्र करणारी.

साक्षीदार पहिले: खालच्या मजल्यावरील घड्याळजी. (यांनी वेळ पाच मिनिटे पुढची लिहायचा आग्रह धरला, तो मानलेला नाही.)

साक्षीदार दुसरे: प्रसूतिगृहाच्या लाँड्रीचे मुकादम.

डॉक्टरचा दाखला: मी मृत्युपत्र करणाऱ्या बाईंचा जुना विद्यार्थी असून, त्यांनी मला दोनदा नापास केले आहे. आज मी त्यांना तपासले. ‘प्रकृती नेहमीसारखी’ हे शब्द खोडले आहेत. त्याऐवजी वाचावे: नाडी मिनिटाला चौऱ्याहत्तर, रक्तदाब एकशे छत्तीस बाय ब्याऐंशी, वजन एक्कावन्न किलो दोनशे ग्रॅम, बुद्धी शाबूत. खोडाखोड मान्य. सही.

खोडाखोड मी करायला लावली. सही, मृत्युपत्र करणारी.